उपाध्यक्षांचा फ्लेक्स आणि समोरचा वारा

माझा मेहुणा त्यांच्या गावच्या दूध संस्थेचा उपाध्यक्ष झाला, तोही बिनविरोध. ज्या एकाला विरोध करायचा होता त्याला अध्यक्ष केलं, म्हणून बिनविरोध.

त्यांचं गाव काटेवाडीपासून जवळ. मी बारामतीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे सासुरवाडीत माझी ओळख 'सायन्सचे दाजी' अशी आहे. मिक्सर बंद पडला, इन्व्हर्टर ओरडायला लागला की मला फोन येतो. मी सांगतो ते सगळे आदरानं ऐकतात आणि मग वायरमनला बोलावतात.

मेहुण्याच्या सासऱ्यांनी इंदापूरला एका मंगल कार्यालयात जावयाचा सत्कार ठेवला होता. दिवस मे महिन्याच्या अखेरचे. सकाळी मी आणि बायको स्कूटरवरून आधी सासुरवाडीला पोचलो, तेव्हा दारात पिकअप उभी होती आणि तिच्या हौद्यात एक लोखंडी फ्रेम बांधण्याचं काम चाललं होतं. फ्रेमचे पाय हौद्यात, आणि फ्लेक्स केबिनच्या टपापासून सुरू होऊन पार वर, विजेच्या तारांची विचारपूस करत उभा. तोंड पुढं, येणाऱ्या-जाणाऱ्याला समोरून दिसावं असं.

वरच्या ओळीत थोर नेते. मधे मेहुणा, काळा गॉगल घालून, फोनवर बोलताना. मागे संसद भवन, कारण फ्लेक्सवाल्याकडे दूध संस्थेचा फोटो नव्हता. खालच्या ओळीत शुभेच्छुकांची चिंचेच्या चिंचोक्यांसारखी दाटीनं बसलेली तोंडं. त्यांच्यात मीही होतो. 'मार्गदर्शक' असं लिहिलं होतं. फोटो माझ्या लग्नातला होता, डोक्यावर फेटा तसाच.

मार्गदर्शक म्हटल्यावर मला राहवलं नाही. मेहुण्याला बाजूला घेऊन म्हणालो, "पाव्हणं, एवढा मोठा फ्लेक्स वाऱ्याला आडवा धरून गाडी पळवायची म्हणजे कठीण आहे. वेग दुप्पट केला की हवेचा रेटा चौपट होतो."

"दाजी, गाडीचं इंजिन नवं हाय."

"इंजिनाचा प्रश्न नाही. जेवढं क्षेत्रफळ जास्त तेवढी हवा अडवते. निदान फ्लेक्स छोटा तरी करा."

"छोटा?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचा राजीनामाच मागितला. "अध्यक्षाचा केवढा हाय, बघितलाय न्हवं तुमी?"

निघालो. मी केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी, मेहुणा आणि चार कार्यकर्ते मागे फ्रेम धरून उभे, बायको इतर बायकांबरोबर मागच्या जीपमध्ये, आणि त्यामागे शुभेच्छुकांच्या गाड्या. माझी नजर सारखी टपाकडे. आता फ्रेम मागे झोपेल, मग झोपेल. पण काहीच झालं नाही. लासुर्णे गेलं, निमगाव केतकी गेलं. पिकअप मजेत पळत होती. मेहुणा दोन्ही बाजूंच्या उसाला हात जोडत होता.

इंदापुरात उतरल्यावर त्यानं सगळ्यांच्या देखत माझ्या खांद्यावर हात टाकला. "काय दाजी? चौपट कुठाय? हितंवर फ्लेक्सची कड सुद्धा हालली न्हाय."

सगळे हसले. मी झाडांकडे पाहिलं. कार्यालयाच्या आवारातल्या कडुनिंबाच्या फांद्या पूर्वेकडे झुकल्या होत्या. पश्चिमेचा वारा सुटला होता आणि तो सकाळपासून आमच्या पाठीशी होता. गाडी पळत होती आणि वाराही तिच्याबरोबर त्याच दिशेला पळत होता, म्हणून फ्लेक्सला हवा फारशी लागलीच नव्हती.

"येताना वारा पाठीमागून होता," मी म्हणालो. "जाताना समोरून येणार आहे."

"आपल्या पाठीशी समदेच हायत," मेहुणा म्हणाला, आणि त्याला टाळ्या मिळाल्या.

सत्कार रीतसर झाला. शाल, श्रीफळ, फेटा. सहा वक्ते बोलले. एकानं सांगितलं की उपाध्यक्ष म्हणजे तालुक्यातलं वादळ आहे. बाहेर खरंच मांडवाचं कापड फडफडत होतं.

दुपारी जेवण करून परत निघालो आणि इंदापूर सोडताच ड्रायव्हर पुटपुटायला लागला. चौथा गिअर टाकला की गाडी गुदमरायची. तिसरा टाकला तर नुसती ओरडायची. त्यानं पाय दाबून धरला होता, तरी रस्ता काही मागे सरकेना. एक दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल आम्हाला मागे टाकून गेली. मग खताची पोती भरलेला ट्रॅक्टर. मग एक म्हातारे आबा लूनावरून, मान खाली घालून, हँडलवर पुरते ओणवे होऊन पुढे गेले. जाताना त्यांनी फ्लेक्सकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. वर केली असती तर त्यांचाही वेग कमी झाला असता.

मागून लोखंड कुरकुरल्याचा आवाज आला. मेहुण्यानं टपावर थापा मारल्या. गाडी थांबली.

त्याचा फेटा सुटून गळ्यात आला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. "दाजी, हे लई रेटतंय. काय करायचं बोला."

"फ्लेक्स उतरवा."

"ते सोडून बोला."

कार्यकर्त्यांतल्या एकानं सुचवलं, "भोकं पाडू. चौकातल्या फ्लेक्सला पाडत्यात तशी."

थोड्या भोकांनी फार फरक पडणार नाही, मी म्हणालो, पण तोवर चर्चा पुढे गेली होती. भोक कुणाच्या अंगावर पाडायचं? वरच्या ओळीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. संसद भवनाला भोक पाडणं एकाला देशद्रोह वाटला. मेहुण्याच्या छातीचा विषय कुणी काढला नाही. राहिली खालची ओळ, पण खालच्या ओळीतले बरेचजण मागच्या गाड्यांतून उतरून तिथं उभे होते.

"माझ्यावर पाडायचं न्हाय. मी गाडी दिलीय."

"मग माझ्यावर का? माझा फोटू आधीच निम्मा झाकलाय."

शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी परगावचा, मतदार नाही, आणि मार्गदर्शक. टूलबॉक्समधलं कटर आलं आणि माझा चेहरा फेट्यासकट चौकोनी कापून निघाला. तो वाऱ्यानं उचलला आणि उसावरून उडून गेला. मला विचित्र वाटलं. नाही म्हटलं तरी लग्नातला फोटो होता.

गाडी पुन्हा निघाली. थोडं अंतर गेलो असू, तोच टर्र असा लांब आवाज झाला. चौकोनाच्या कोपऱ्यातून फाटत फाटत फ्लेक्स वर गेला होता, तो थेट मेहुण्याच्या हनुवटीपर्यंत. गाडी परत थांबली. मेहुणा स्वतःच्या फाटक्या गळ्याकडे बघत उभा राहिला, आणि मला पहिल्यांदाच त्याची कीव आली. फोटोत असतो तसा तो आयुष्यात एकदाच उभा राहिला होता, आणि हवा त्याला तेवढंही करू देत नव्हती.

तेव्हा जीपमधून बायको उतरली. पदर डोक्यावर घट्ट धरून ती पिकअपपाशी आली. "दादा, उभं ऱ्हात न्हाय तर झोपव की त्याला हौद्यात."

"झोपवल्यावर बघणार कोण?"

"आत्ता कोण बघतंय? ह्यो बाजूचा कालवा?"

"झोपवल्यालं बरं दिसत न्हाय गं," तो हळूच म्हणाला. कार्यकर्त्यांनीही माना हलवल्या. पण तिनं दोर सोडायला सुरुवात केली होती, आणि त्या घरात तिला अडवायची रीत नाही. फ्रेम आडवी झाली. हौद्यात नीट मावली, फक्त पाय मागच्या फळीबाहेर राहिले. मेहुण्यानं ते बघून तोंड फिरवलं.

आता फ्लेक्स वाऱ्यानं उचलू नये म्हणून त्यावर कुणीतरी बसायला हवं होतं. नेत्यांच्या तोंडावर बसायला कुणी धजेना. उपाध्यक्षांच्या छातीवर तर नाहीच. सगळे काठावर पाय ठेवून, अंग चोरून उभे. अखेर मेहुणा स्वतः चढला आणि मांडी घालून स्वतःच्याच पोटावर बसला. ड्रायव्हरनं चौथा गिअर टाकला आणि पिकअप गावापर्यंत कुरकूर न करता गेली.

वेशीवर बँजो पार्टी उभी होती. आम्ही अलीकडेच थांबून फ्रेम परत उभी केली, हनुवटीला मागून चिकटपट्टी लावली आणि माणसाच्या चालीनं आत शिरलो. गावात शिरल्यावर वारा घरांनी अडवला होता, आणि त्या गतीला हवा काही म्हणत नव्हती. फ्लेक्स ताठ उभा, गुलाल उडत होता, मेहुणा पुन्हा हात जोडत होता. मिरवणुका हळू का चालतात हे बारावीच्या पुस्तकात कुठंच दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी निकालाच्या कामासाठी कॉलेजात असताना त्याचा फोन आला. "दाजी, म्या रातभर इचार केला. तुमचं खरं हाय. येग कमी ठिवला की रेटा न्हाय, बरूबर?"

"बरोबर," मी म्हणालो. मला मनापासून बरं वाटलं. सासुरवाडीत पहिल्यांदाच माझं शिकवणं कुणापर्यंत पोचलं होतं.

"मग पुढच्या टायमाला बैलगाडी घिऊ. बैलगाडीवर फ्लेक्स दुप्पट चालंल का?"

मी मनात हिशेब करून पाहिला. काही आक्षेप सापडेना. "वारा पडलेला असला तर चालेल," मी म्हणालो.