खरखरणारी रेकॉर्ड

सुनेनं आज विडीची पानं भिजवली आणि त्या वासासरशी मला निपाणीचं आमचं अंगण आठवलं. मी तिथं विड्या वळायची. शेजारच्या खोलीतले मास्तर रोज संध्याकाळी रशियातल्या वाद्यांच्या रेकॉर्ड लावायचे. एकाच संगीताच्या, पण वेगवेगळ्या वादकांनी वाजवलेल्या, त्यांच्याकडे दोन रेकॉर्ड होत्या, एक नवी, एक जुनी. जुनी खरखरायची. पण तिच्यात सनईसारखं एक वाद्य एकटंच हळू बोलायचं, आणि मग यात्रेत भंडारा उधळावा तसे ढोल, घंटा, कर्णे एकदम उसळायचे.

एकदा मास्तर ती जुनी रेकॉर्ड बेळगावच्या मित्राला कायमची द्यायला निघाले. कधी मान वर न करणारी मी बोलून गेले, “अण्णा, ती नगा देऊ. नवी द्या.”

“का गं? ही तर लई खरखरतीया.”

“नवी लागली की माझे हात चालत्यात. ही लागली की थांबत्यात.”

“मग तुझा तोटाच की गं!”

“व्हय. होऊ दे.”

मास्तर हसले आणि त्यांनी पिशवीत नवी रेकॉर्ड घातली. परक्या पुरुषाशी बोलले म्हणून मी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसले. आता वाटतं, बोलले ते बरं झालं. तेव्हापासून मास्तर रेकॉर्ड लावायच्या आधी अंगणाकडची खिडकी उघडायचे.