भंडारीचाचांचं नाक

भंडारीचाचा कोणाच्याही घरात शिरण्याआधी दारात थांबत, डोळे मिटत आणि आत काय शिजतंय ते सांगत. नुसतं सांगून भागत नसे. "बाय, तुझ्या डाळीला अजून दोन शिट्या हव्यात," किंवा "तो बांगडा आता उलट, नाय तर तव्यावरच राहायला येईल," असं बजावून मगच चपला काढत. आमच्या आळीतल्या बायका सुरुवातीला चिडायच्या. पुढे सवय झाली. चाचा दारात थांबलेले दिसले की आम्ही आधी गॅसकडे बघायचो आणि मग त्यांच्याकडे.

जन्मभर ते मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होते. बोटीवर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, म्हणून ते भंडारीचाचा. मूळ गाव नाटे. चाची वारल्यावर आमच्या समोरच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. आळीतली मुलं त्यांना कॅप्टन म्हणायची, ते त्यांना आवडत नसे. "कॅप्टन नाय, भंडारी," ते म्हणत. "कॅप्टन चुकला तर बोट दुसऱ्या बंदराला लागते. भंडारी चुकला तर पंचवीस माणसं तोंड वाकडं करून कॅप्टनशी भांडतात."

त्यांच्या कानावर कायम एक पेन्सिल असे. कोणाकडे साखरपुडा असो, बारसं असो, चाचा आधी जुन्या कॅलेंडरचं पान मागत आणि त्याच्या पाठीमागे यादी करत. "लिस्ट नाय तर जेवण नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यादीत पदार्थ कमी आणि माणसं जास्त असत. कोण नारळ फोडणार, कोण पाणी भरणार, कोण नुसती बडबड करणार. बडबड करणाऱ्याचं नावही लिहीत. "तो तसाही करणारच, मग कामात धरलेला बरा," म्हणत.

मी त्यांच्या यादीत कधी बोलणाऱ्यांत नव्हते. मी चौथीपर्यंत शिकलेली. मिरजोळ्याला आंब्याच्या रसाच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं लावते. तन्वीचे बाबा ओमानला. घरात मी आणि तन्वी. चार माणसं जमली की माझी जीभ टाळ्याला चिकटते, आजही थोडी चिकटते. चाचांना ते माहीत होतं. माझ्या हातचा घावन खाताना एकदा म्हणाले, "तू बोलत नायस, तुझा तवा बोलतो. पण बाय, तवा सगळीकडे नेता येत नाय."

तन्वीला तेरा वर्षं पूर्ण होणार होती, त्या वर्षीची गोष्ट. तिच्या वर्गातल्या ईशानीचा वाढदिवस हॉटेलात झाला होता. फुग्यांची कमान, मोठ्याने गाणी, प्रत्येकाला परत जाताना भेटवस्तू. तन्वी तिथून आली ती गप्पच. दोन दिवसांनी म्हणाली, "मला वाढदिवस नको." चाचा तेव्हा आमच्या पायरीवर बसून मटार सोलत होते. ते म्हणाले, "वाढदिवस नको म्हणून थांबतो काय? घरीच करू. हॉटेलवाल्याला जमलं नाय असं करू." तन्वीने तोंड फुगवलं, पण चाचांनी पेन्सिल काढलेली बघून हळूच त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

यादी मोठी झाली. आठ मैत्रिणी-मित्र. कोंबडीची बिर्याणी, अंड्यांचा मोठा केक, सरबत. फुगे नाहीत. "फुगा फुटला की काय उरतं? रबर." त्याऐवजी बोटीवर असतात तसे रंगीत बावटे. बोटीवर प्रत्येक अक्षराचा वेगळा बावटा असतो आणि लांबूनच एक बोट दुसऱ्या बोटीशी बोलते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझ्याकडे ब्लाउजपिसांच्या तुकड्यांची पिशवी होती, ती चाचांनी पळवली. मुलांनी तक्ता बघून बावटे वाचायचे आणि त्यातून निरोप शोधायचा, असा त्यांचा खेळ ठरला. तन्वीचे डोळे चमकले. मग ती आत आली आणि माझ्या पदराशी चाळा करत म्हणाली, "आई, सगळे येतील तेव्हा तू आतच राहशील ना? म्हणजे, ईशानी काही विचारते कधी कधी. इंग्लिशमध्ये."

मी म्हणाले, "आतच असेन. मला आत कामं आहेतच की."

मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण तिचं चुकलं असंही वाटलं नाही. मी तरी कधी बाहेर आले होते? बाहेर पायरीवर मटार सोलण्याचा आवाज थांबला होता, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं.

वाढदिवस बुधवारी होता. सोमवारी तन्वी शाळेतून धावत आली. बुधवारी सगळ्यांना क्लासची परीक्षा, म्हणून मंडळी गुरुवारी येणार. मी कारखान्यातून घरी पोचेपर्यंत चाचांनी यादीवरचा बुधवार खोडून गुरुवार लिहिलाही होता. कोंबडीवाल्याला सांगून झालं होतं.

मार्गशीर्षातला गुरुवार. सकाळी मी घट मांडते, दिवसभर उपास करते. आमच्या घरातच काय, येणाऱ्या निम्म्या मुलांच्या घरी त्या दिवशी अंडंसुद्धा शिवत नाहीत. तन्वीच्या डोक्यात मैत्रिणी होत्या, वार नव्हता. चाचांच्या भिंतीवर आखाती दुकानाचं कॅलेंडर, त्यात नुसत्या तारखा. राहिले मी. मला दिसत होतं आणि मी बोलले नाही. चाचा इतक्या हौसेने मसाला निवडत होते, तन्वी इतकी नाचत होती, मध्ये मी कसं बोलू? मंगळवार तसाच गेला. मंगळवारी मी डाळ करपवली, आयुष्यात पहिल्यांदा. चाचांनी दारात डोळे मिटले, उघडले, आणि काहीच न बोलता परत गेले.

बुधवारी सकाळी कामावर जाण्याआधी मी त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी बारा अंडी मोजून टोपलीत ठेवलेली. मी म्हणाले, "चाचा, उद्या मार्गशीर्षाचा गुरुवार आहे."

त्यांनी अंड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुला कधी कळलं?"

"परवा."

"परवा," ते म्हणाले. "बाय, बोटीवर एक माणूस नुसता पुढे बघायला उभा असतो. खडक दिसला की ओरडायचं, एवढंच त्याचं काम. त्याने जर म्हटलं की कॅप्टन चहा पितोय, मध्ये कसं बोलू, तर काय होईल?"

"बोट फुटेल," मी म्हणाले.

"दिसलं की बोलायचं. मला वाईट वाटेल म्हणून थांबायचं नाय. मला काय, दोन मिनिटं वाटेल." मग त्यांनी फोन उचलून कोंबडीवाल्याला सांगितलं, "रद्द कर. त्या कोंबडीला म्हणावं, उद्या तुझा पण वाढदिवस." आणि कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "आता लिस्ट तू कर. उद्याची भंडारी तू. मी तुझ्या हाताखाली."

मी कित्येक वर्षांत सहीखेरीज काही लिहिलं नव्हतं. उभ्या उभ्याच लिहिलं. घावणे. नारळाचा रस. बटाट्याची भाजी. केकपाशी येऊन थांबले. मग आठवलं, आमच्या मागच्या पडवीत आढ्याला तवसं टांगलेलं होतं. तवसं म्हणजे मोठी जून काकडी. पावसाळ्यात लागलेली, केळीच्या सोपाने, म्हणजे वाळक्या सालीने, बांधून ठेवली की महिनोन्महिने टिकते. मी लिहिलं, धोंडस. काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, आणि खाली-वर निखारे ठेवून भाजायचं. अंड्याशिवायचा आमचा केकच तो. माझी आजी करायची.

चाचांनी यादी वाचली. "बिनअंड्याचा केक, तोही चुलीवर," ते म्हणाले. "चाळीस वर्षं ओव्हन वापरला मी. उद्या शिकायला येतो." मग तन्वीला हाक मारून बावटे परत मागून घेतले. निरोप बदलायचा म्हणाले. काय निरोप, ते मला विचारायचं धाडस झालं नाही.

गुरुवारी मी सुट्टी घेतली. पूजा केली, तवसं किसलं. उपास असल्याने मला मिश्रण चाखता येईना. चाचा म्हणाले, "तू उपाशी, मी चाखतो," आणि पुढे बोट करून थांबले, परवानगीसाठी. गूळ थोडा वाढवायला सांगितला, तेवढंच. चार वाजता मुलं आली. दारात चाचा शिट्टी घेऊन उभे. "बोटीवर पाहुणा नसतो," त्यांनी जाहीर केलं. "पाहुणा म्हणजे बिनकामाचा माणूस, त्याला आधी उलटी होते." प्रत्येकाला एकेक चिठ्ठी मिळाली, वर कामाचं नाव. मग सगळी मुलं अंगणात माना वर करून बावटे वाचायला लागली. मी मागच्या पडवीत चुलीपाशी, ठरल्याप्रमाणे. धोंडसाच्या पातेल्यावर निखारे, हाताला काजळी.

बाहेरून मुलांचा एकेक अक्षर जुळवण्याचा कालवा येत होता. मग ईशानीचाच आवाज आला, "किचन! किचन लिहिलंय!" आणि आठ मुलं धडधडत घरातून थेट माझ्यापाशी येऊन थडकली. त्यांच्या मागे तन्वी, पडलेल्या चेहऱ्याने. सगळ्यांत मागे चाचा, आभाळाकडे बघत, जणू काही त्यांना माहीतच नाही.

मी आत राहिले होते. पार्टीच आत आली.

चिठ्ठ्यांवरची कामं माझ्याच स्वयंपाकघरातली होती. ईशानीला नारळ खोवायचा होता. ती खवणीवर आडवी बसली, घसरली, पुन्हा बसली, आणि मग उठेचना. एकाने रस पिळला तो अर्धा कोपरापर्यंत. घावण्याचं काम दोघांचं होतं. पहिला घावन तव्याला चिकटला, दुसरा रबरासारखा झाला. "काकू, तुमच्यासारखी जाळी का नाही पडत?" असं मला ईशानीने विचारलं. मराठीतच विचारलं. मी सांगायला लागले. तवा कडक तापू दे. नारळाच्या शेंडीने तेल फिरव. पीठ ओतायचं नाही, उंचावरून भिरकावायचं, कडेकडून मध्ये. ती म्हणाली, "परत दाखवा ना." मी परत दाखवलं. मग सगळे रांगेत उभे राहिले आणि मी एकेकाचा हात धरून शिकवलं. माझा आवाज मला मोठा ऐकू येत होता, आणि तो थांबत नव्हता. नववा हात पुढे आला तो तन्वीचा होता. "आई, मलाही," ती म्हणाली. मी रोज तिला घावन खायला घालते. तिचा हात तव्यावर धरायची वेळ कधी आली नव्हती.

एवढ्यात चाचा पडवीच्या दारात थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले, "धोंडस झालं. उतर."

मी म्हणाले, "नाही चाचा. अजून दहा मिनिटं."

चाचांनी एक डोळा उघडला. "झालंय बाय. गुळाचा वास बघ कसा सुटलाय."

"गुळाचा सुटलाय. रव्याचा नाही सुटला. आता काढलं तर मध्ये कच्चं राहील."

"लावतेस पैज?"

"लावते," मी म्हणाले.

कोणीतरी मोबाईलवर घड्याळ लावलं. आठ मुलं त्या पातेल्याभोवती अशी बसली, जणू आत कोंबडी अंड्यावर बसली आहे. सातव्या मिनिटाला वास बदलला. चाचांच्या नाकपुड्या हलल्या आणि ते हळूच माझ्याकडे बघून हसले. दहा मिनिटांनी सुरी घातली ती कोरडी बाहेर आली. कडा तांबूस, मध्ये मऊ. चाचांनी टोपी सारखी केली, टाचा जुळवल्या आणि सगळ्यांसमोर मला सलाम ठोकला. "चाळीस वर्षांत हे नाक आज पहिल्यांदा चुकलं," ते मुलांना म्हणाले. "हिला मुख्य भंडारी लिहून घ्या."

अंगणात बावट्यांखाली पाट मांडला. मी पातेलं तन्वीच्या हाती देऊन मागे सरले तर तिने माझा पदर धरला. "तू पण बाहेर ये ना," म्हणाली. काजळीचे हात घेऊन मी मध्ये उभी राहिले. तेरा मेणबत्त्या धोंडसात नीट रोवल्या गेल्या, केकपेक्षा घट्ट. ओमानहून तिचे बाबा फोनवर बघत होते, त्यांना वाटलं मी चुकून फोनसमोर आले. ईशानी जाताना तन्वीला म्हणाली, "माझ्या पुढच्या वाढदिवसाला तुझ्या आईला यायला सांगशील?" तन्वीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तूच विचार की. आई सांगते सगळं नीट."

रात्री घटापुढे हात जोडले आणि उपास सोडला तो त्याच धोंडसाच्या तुकड्याने. चाचा म्हणाले होते तेच खरं, गूळ बरोबर झाला होता.

दोन वर्षांनी चाचांचे गुडघे गेले आणि पुतण्या त्यांना नाट्याला घेऊन गेला. जाताना पेन्सिल मला दिली, बोटभर उरलेली. त्यानंतर एकदा त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण नाक गेलं. आता त्यांना कसलाच वास येत नाही. पुतण्याने हे फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू आलं, चाचा मात्र मागून ओरडले, "सांग तिला, बरं झालं. भावजय रोज भाजी करपवते, मला पत्ता नाय."

कारखान्यात आता लेबल तिरकं लागलं की मीच पट्टा थांबवायला सांगते. साहेब चहा पीत असले तरी.

आणि दर रविवारी दुपारी चाचांचा फोन येतो. "काय शिजतंय?" ते विचारतात. आधी ते सांगायचे, आता मी सांगते. फोन गॅसपाशी नेते आणि सांगत जाते. कांदा आता गुलाबी झालाय, चाचा, अजून कच्चा वास आहे. आता तिरफळं टाकली. आता बांगडा सोडला. आता आमसुलाचा वास वर आला, आता गॅस बारीक करते. तन्वी हसते, म्हणते, आई, अर्धा तास झाला, एकटीच बोलते आहेस. पलीकडे चाचा गप्प असतात. डोळे मिटून दारात उभे असतील, असं मला वाटतं. मग म्हणतात, "हां. आता उतर."

कधी म्हणते, उतरवते. कधी म्हणते, "नाही चाचा, अजून दोन मिनिटं."