तलासरीला न पोचलेली नावं

नाशिकहून जव्हारमार्गे आलेल्या एसटीतून डहाणूला उतरले तेव्हा दुपार झाली होती. जव्हारला घातलेला स्वेटर इथं काढावा लागला. २०१७चा हिवाळा. एका सेवाभावी संस्थेचे दोन दवाखाने, एक डहाणूत, दुसरा तलासरीत. त्यांच्या संगणकांचं आपसातलं बोलणं थांबलं होतं, ते सुरू करायला मी आले होते.

दारातच मनोहरकाका उभे होते. संस्थेचे संगणक तेच सांभाळत; निवृत्तीला महिना उरला होता. चहा येण्याआधीच म्हणाले, "मॅडम, घोळ माझ्याच हातून झालाय. सर्व्हर बसला, म्हणून मी बॅकअपमधली जुनी प्रत चढवली. चालू झाला, मला वाटलं सुटलो."

"प्रत किती जुनी होती?"

"दोन महिन्यांची."

मला कारण कळलं. दोन्हीकडे एकेक सर्व्हर, आणि दोघांकडे कर्मचाऱ्यांची नावं नि परवानग्या यांची एकच यादी. एकीकडे बदल झाला की त्याला क्रमांक पडतो आणि तो दुसरीकडे पोचतो. जुनी प्रत चढवल्यावर डहाणूचे क्रमांक मागे गेले. आता डहाणूचा सर्व्हर नवी नावं पाठवी, पण तलासरीचा सर्व्हर समजे, हे क्रमांक तर आपण केव्हाच वाचलेत. तो ती नावं घेतच नव्हता. अशी सहा नावं अडकली होती.

"डहाणूची यादी पुसायची आणि तलासरीवरून नवी घ्यायची," मी म्हणाले. "पण आधी तलासरीची धड आहे का, ते जाऊन पाहू."

"आणि ती पण बिघडलेली असली तर?"

मी तलासरीची पहिली बस किती वाजता, ते विचारलं.

सकाळी काकांनी ती सहा नावं कागदावर उतरवून घेतली आणि डहाणूचा सर्व्हर जोडणीतून काढून ठेवला. बोर्डीमार्गे निघालो, तर चिखल्याला बस पंक्चर. सुरूच्या सावलीत बसून काकूंनी दिलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. काका घास हातात धरून समुद्राकडे बघत होते. "तीस वर्षांत असं झालं नव्हतं हो," एवढंच म्हणाले. मी चटणी त्यांच्याकडे सरकवली. पुढे तलासरीजवळ रस्त्याकडेला उंबाडियू (मडक्यात पाल्याखाली भाजलेल्या शेंगा नि कंद) विकायला होतं. त्यांनी आग्रहानं घेऊन दिलं, स्वतः खाल्लं नाही.

तलासरीच्या दवाखान्यात जयूसिस्टर भेटली. जवळच्याच पाड्यातली (वस्तीतली) तरुण मुलगी, नोकरीला लागून बारा दिवस झालेले.

"संगणक मला ओळखतच नाही," ती म्हणाली. "मी कागदावर लिहिते, मोठ्या सिस्टर वेळ मिळेल तेव्हा चढवतात. काल एका गरोदर बाईला तेच इंजेक्शन दुसऱ्यांदा देणार होतो. तिनंच हात मागं घेतला, म्हणून बरं. घरी आई विचारते, नोकरी पक्की ना गं तुझी?"

काकांनी खिशातून नावांचा कागद काढून टेबलावर ठेवला.

मी तलासरीची यादी ओळीनं तपासली. ती धड होती. डहाणूच्या जुन्या सर्व्हरची नोंद तिच्यातून काढली. मग काकांनी कागद उघडून नावं वाचली, मी भरली. शेवटचं जयूचं. तिनं एका बोटानं पासवर्ड टाइप केला. पडद्यावर तिचं नाव आलं. मला वाटलं, ती आईला फोन करील. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि सगळ्यात आधी त्या गरोदर बाईची नोंद शोधून इंजेक्शनची तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी डहाणूचा सर्व्हर नव्यानं उभा केला. यादी तलासरीहून हळूहळू भरत आली. काकांनी चाचणीसाठी यादीतला एक फोन नंबर बदलला आणि तलासरीला फोन लावून कान देऊन बसले. वीस मिनिटांनी तिकडून जयूचा आवाज आला, "आला, काका, नवा नंबर आला!" काकांनी चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला.

बसपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "अहवालात माझी चूक लिहा. झाकू नका."

नाशिकला येऊन मी ती लिहिली. खाली आणखी एक वाक्य जोडलं. अशा कामात निम्मे दिवस, कुणी काय केलं हे शोधण्यातच जातात. लोक सांगत नाहीत, घाबरतात. म्हणून लिहिलं: 'चूक ज्यांच्या हातून झाली त्यांनी ती पहिल्याच वाक्यात सांगितली, आणि म्हणूनच काम तीन दिवसांत झालं.'