टिन्सेलशी बोललेला मुलगा

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते... करमणूक म्हणून. खरं सांगायचं तर हसतेही. आमच्या घरी प्रार्थना व्हायची, पण भुताखेतांना थारा नव्हता. त्यामुळे हे लिहिताना मला स्वतःलाच अवघडल्यासारखं होतंय.

गुडगावात तेव्हा आमची सोसायटी अगदी नवी होती. मागच्या बाल्कनीतून सरसोंचं शेत दिसायचं, पुढच्या बाल्कनीतून क्रेन. अर्धे फ्लॅट रिकामे. माझा नवरा अजय ऑफिसमध्ये बिझी, मी नोकरी सोडलेली, आणि पप्पा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आलेली. आम्ही मूळचे नगरचे मराठी ख्रिस्ती, पण मी वाढले दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तिथे नाताळला साऱ्या देशातून आलेले शेजारी फराळाला यायचे. गुडगावात वॉचमन सोडला तर नावाने ओळखणारं कुणी नव्हतं.

म्हणूनच बहुतेक, इंटरनेटवर तो ग्रुप सापडल्यावर मी लगेच नाव नोंदवलं. जगभरातली मोठी माणसं त्यात सांताचे एल्फ व्हायची – म्हणजे त्याचे मदतनीस बुटके. डिसेंबरात मुलं चॅटरूममध्ये येत, आम्ही एल्फ बनून त्यांच्याशी गप्पा मारायच्या, आणि काय हवं ते सांताला कळवतो म्हणायचं. मला नाव मिळालं टिन्सेल, म्हणजे नाताळच्या झाडावरची चमचमती झालर.

"यार शलाका, एमबीए करून एल्फ?" अजय हसायचा.

माझी पाळी रविवारी दुपारी. ऑस्ट्रेलियातली मुलं तेव्हा झोपण्याआधी यायची. कुणाला सायकल हवी, कुणाला कुत्र्याचं पिल्लू. मजा यायची मला.

नाताळच्या आधीचा रविवार होता. आई बाल्कनीत उन्हात मेथी निवडत होती, अजय माझ्यासमोर सोफ्यावर झोपला होता. चॅटरूममध्ये कुणीच नव्हतं. मग एक नाव उमटलं – नुसतं 'व्ही'. मी नेहमीसारखं इंग्रजीत स्वागत केलं. उत्तर आलं ते इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत.

'मला घरी जायचंय.'

मला हसूच आलं. म्हटलं, कोणीतरी गंमत करतंय. मीही मराठीत विचारलं, 'घर कुठे आहे तुझं?'

'दिल्लीला. दारात जांभळाचं झाड आहे.'

'मग आत्ता कुठे आहेस?'

'नगरला. काकूकडे. बाळ झालंय ना, आई आजारी आहे. पप्पा म्हणाले, सुट्टी संपली की न्यायला येतो. सुट्टी संपली.'

आमच्या क्वार्टरच्या दारातही जांभूळ होतं. मी टाइप केलं – 'बाळाचं नाव काय?'

'शलाका.'

मी काही लिहायच्या आत पुन्हा ओळ आली. 'आज चर्चमध्ये करंज्या दिल्या. मी दोन खिशात ठेवल्यात. आईला नेणार.'

आणि लाइन कटली. मोडेमचं ते नेहमीचंच... पण परत जोडून पाहिलं तर रूम रिकामी.

मी बाल्कनीत गेले. हसत हसतच सांगायला लागले, "आई, ऐक ना, कोणीतरी काय चावटपणा केलाय–" सगळं सांगितलं. आईचे हात थांबले.

"विजूने सांगितलं तुला?"

विजूदादा म्हणजे नगरच्या काकांचा मुलगा. माझ्याहून बराच मोठा. मी एकुलती एक, त्यामुळे भाऊ म्हटलं की मला तोच आठवायचा.

"काय सांगायचं होतं त्याने?"

मग आई बोलली. माझ्या जन्मानंतर ती अंथरुणाला खिळली, म्हणून थोरल्याला, विजूला, सुट्टीपुरतं नगरला पाठवलं. काका-काकूंना मूल नव्हतं. काकूला त्याचा लळा लागला. तुम्हाला दुसरं आहेच की, म्हणाली ती. पप्पांना भावाला नाही म्हणता आलं नाही.

"आणि तुला?"

आईने पुन्हा मेथीची जुडी हातात घेतली. "शेवटी सगळ्यांचं चांगलंच झालं ना."

"मला का नाही सांगितलंत?"

"राहून गेलं गं. तुझ्या सासरी सांगितलं होतं की, लग्नाआधीच. लपवाछपवी नको म्हणून."

मी वळले. अजय जागा होऊन दारात उभा होता. "मला वाटलं तुला माहितीये," तो म्हणाला. "नंतर लक्षात आलं की नाही... मग विषय कसा काढणार?"

माझ्या लग्नात विजूदादा पाहुण्यांना पानं वाढत होता. त्या हॉलमधल्या प्रत्येकाला तो कोण ते ठाऊक होतं. फक्त नवरीला नव्हतं.

संध्याकाळी मी नगरला फोन लावला. दादा शाळेत शिक्षक, घरी कॉम्प्युटर नाही, वापरताही येत नाही. मी करंज्यांचं सांगितलं.

"हाफ पँटला तेलाचा डाग पडला होता," तो म्हणाला. "काकू ओरडली. तेव्हा मी तिला काकूच म्हणायचो. पण शलाका, कशासाठी ठेवल्या होत्या ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही."

"तूही मला बोलला नाहीस, दादा."

"मला शपथ घातली होती गं... लहानपणीच."

ग्रुप चालवणाऱ्या बाईंना मी ईमेल केली. त्यांचं उत्तर आलं – त्या दुपारच्या रेकॉर्डमध्ये फक्त माझेच प्रश्न आहेत, दुसरं कुणी आलंच नव्हतं. तू प्रॅक्टिस करत होतीस का, असं त्यांनी प्रेमाने विचारलं. मी ग्रुप सोडला. अजयचे इंजिनिअर मित्र म्हणाले, हॅकिंग, प्रँक. कुणाचा? लहानपणी कानावर पडलेलं मनात राहिलं असेल, असंही म्हणून झालं. मग करंज्या?

पुढच्या उन्हाळ्यात दादा आमच्याकडे आला. आईने पुरणपोळ्या केल्या. त्याच्या पानात तूप वाढता वाढता ती म्हणाली, "आता शलाकालाही माहितीये. आता तरी आई म्हण मला."

दादाने घास संपवला. "आता नाही जमत हो, काकू," तो म्हणाला. अगदी साधेपणाने, दुखवायचा हेतू नसल्यासारखं.

आई डोळ्यांना पदर लावून आत गेली. अजयने माझ्याकडे बघून मानेने खूण केली, जा म्हणून. मी दादाला आणखी एक पोळी वाढली आणि त्याच्याशेजारी बसून राहिले.