प्रदक्षिणेची टिंगल

ताईने विमान आपटलं ही बातमी महाडात तिच्या आधी पोचली. वैमानिक व्हायला गेलेली माझी मोठी बहीण सुट्टीवर घरी आली, तेव्हा पोलादपूरचे काका येऊन बसलेलेच होते.

"काय गो, धावपट्टीवर खड्डे व्हते काय आपल्या हायवेसारखे?"

सगळे हसले. तीही हसली. माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने ताटावर तळहात आडवा धरून मला सगळं दाखवलं. शिकाऊ, छोटं विमान. आत ती एकटी. उतरताना चाकं जोरात आदळली, विमान उसळलं. अशा वेळी पूर्ण पॉवर द्यायची, वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. गो-अराउंड म्हणतात त्याला. तिने नाक खाली दाबलं. पुन्हा आदळलं, पुन्हा उसळलं, आणि पुढचं चाक मोडलं.

"मग वर का नाही गेलीस?"

"आदल्या दिवशी गेले होते की. दोनदा. शिकवणारे सर सगळ्यांसमोर म्हणाले, देवळात आलीयस का प्रदक्षिणा घालायला?"

मी ताटावरून उठलो. कशेडी घाटात दरड कोसळली की माझं निषेधाचं पत्रक एसटी स्टँडवर लागतं. इथे तर घरचंच माणूस. जे शिकवायचं त्याचीच टिंगल करायची, आणि चाक मोडलं की पोरीचा दोष? संध्याकाळी पत्रक तयार होतं. तिच्या विमानशाळेचं नाव ठळक अक्षरांत.

ताईने वाचलं. "जोरदार लिहिलंयस. फाड आता."

"का म्हणून?"

"मला तिथेच परत जायचंय. विमान सर देणार आहेत, तू नाही."

फाडलं. त्या माणसाबद्दल माझ्या तोंडात आजही चांगला शब्द नाही, पण फाडलं.

ती परत शाळेत गेली. आता सर शेजारी बसायचे. धावपट्टी जवळ आली की तिचा हात आपोआप पॉवर द्यायचा आणि विमान वर. वारा नाही, उतरणं सरळ, सर म्हणतायत, "छान आहे, टेकव." तरी वर. या वेळी ते हसले नाहीत, हेही तिनेच सांगितलं. शेवटी दरवेळी त्यांनाच उतरवावं लागलं. मग त्यांनीच तिला घरी जायला सांगितलं.

काका पुन्हा आले. "बरा झाला गो. आपला मानूस जमिनीवरच बरा."

ते गेल्यावर मी म्हटलं, "दुसरी शाळा बघू. मी चौकशी करतो."

"वर मी जाईन रे," ती म्हणाली, "खाली कोण आणणार?"

चौकशी मी केली नाही.