दुमडलेला कोपरा

आमच्या वन्सं, म्हणजे यजमानांची मोठी बहीण, प्राथमिक शाळेत वाचन शिकवायच्या. शाळा ज्याला 'वाचन-उद्दिष्ट' म्हणे, त्याला त्या 'पल्ला' म्हणत आणि तो प्रत्येक मुलाचा निराळा ठरवत. कुणाला अख्खी गोष्ट, कुणाला न अडखळता एक ओळ. सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवून कसं चालेल, म्हणायच्या. हट्ट एकच: पुस्तकाचं पान दुमडायचं नाही. आमच्याकडे आल्या की माझ्या मासिकांचे कोपरे नखानं सरळ करत बसत. यजमान म्हणत, ताईसमोर तोंड वाकडं करू नका, तेही सरळ करेल.

एका वर्षी वर्गात एक मुलगी आली. घरून आणलेलं एकच पुस्तक ती रोज पहिल्यापासून वाची आणि ठरावीक पानावर थांबे. पोरं तिला 'गोगलगाय' म्हणत. वन्संनी तिचा पल्ला ठरवला: त्या पानाच्या पुढे, फक्त एक पान. सांगता सांगता सवयीनं तिथला दुमडलेला कोपरा नखानं सपाटही केला.

मुलीनं पुस्तक मिटलं. त्यानंतर ती वाचेचना. फळ्यावरचं अक्षरसुद्धा नाही.

वन्संनी आईला बोलावलं, तेव्हा उलगडा झाला. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवत. घरी आले की लेकीला वाचून दाखवत आणि निघताना कोपरा दुमडत, पुढचं आल्यावर म्हणून. शेवटच्या खेपेवरून ते परतलेच नाहीत.

त्या संध्याकाळी वन्सं माझ्या स्वयंपाकघरात बसल्या. पुढ्यातला चहा निवून गेला.

"तिच्या बापाची खूण पुसली गं मी."

"वन्सं, इस्त्री फिरवली तरी जुनी घडी दिसतेच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला जवळ बसवलं, कागदावरचा वळ शोधला आणि जन्मात प्रथमच पान दुमडलं.

"तुझा पल्ला मी चुकीचा ठरवला, बाळ. हा कोपरा आता कुणी उघडायचा नाही. पुढचं मी वाचते, तू नुसतं ऐक."

मुलगी खाली बघत राहिली. वन्संनी एक पान वाचलं, मग दुसरं. घंटा झाली. तशी तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि त्या पानाचा कोपरा नीट दुमडला.

"उद्या इथून मी."

वन्सं आता निवृत्त झाल्यात. माझी मासिकं अजून सरळ करतात, पण नख लावण्याआधी विचारतात, "ही खूण आहे का गं?"