पाहुण्यांची दुपार

लोक त्यांना ‘मालक’ म्हणत. ते त्यांना फार आवडे, कारण आधीची कितीतरी वर्षं लोक त्यांना ‘अहो’, ‘जरा’ आणि ‘इकडे या’ म्हणत आले होते. सतराव्या वर्षी बस स्थानकासमोरच्या एका लॉजमध्ये ते सामान उचलायला लागले. सामानावरून चादरींवर, चादरींवरून काउंटरवर. मग थोरल्या बहिणीला हाताशी धरून नऊ खोल्यांचं स्वतःचं लॉज काढलं. ताई धुणार, हे हसणार. एवढ्या भांडवलावर चार हॉटेलं उभी राहिली. पाहुण्यानं तोंड उघडायच्या आत त्याची तक्रार त्याच्या खांद्यांवरून कळते, असं मालक सांगत, आणि ते खरंच होतं. दुसरं काहीही त्यांना कशावरूनही कळत नसे, हेही तितकंच खरं.

मग फुटबॉलचा संघ कुठून आला? त्याचं असं झालं. लीगच्या संघमालकांची मेजवानी यांच्याच हॉटेलात होती. मालक नवा सूट चढवून दारात उभे. एक संघमालक आला, त्यानं अंगातला ओव्हरकोट काढला, यांच्या हातावर टाकला आणि न बघताच आत गेला. मालकांनी कोट झटकला, नीट टांगला आणि तीन महिन्यांत तळाला पडलेला एक संघ विकत घेतला. संघाबरोबर लीगच्या बैठकीत खुर्ची मिळत होती. सोळा संघ, सोळा खुर्च्या. ऑफसाइड म्हणजे काय ते मालकांना कधीच कळलं नाही. खुर्ची मात्र लगेच कळली. लाकडी, हात असलेली, मागे नावाची पट्टी. पहिल्या बैठकीहून परतल्यावर ते ताईला म्हणाले, “मला कुणीतरी पाणी आणून दिलं.”

“प्यायलास की परत भरून ठेवलंस?”

मालक अर्धा पेला प्यायले होते आणि उठताना टेबलावरचं ओलं वर्तुळ रुमालानं पुसून आले होते.

संघही त्यांनी हॉटेलासारखाच चालवला. गोलकीपरला ताकीद होती, चेहरा प्रसन्न ठेवायचा. मध्यंतरात मालक खाली उतरून कोचला विचारत, “काही कमी-जास्त?” कोच म्हणे, “गोल कमी, मालक.”

पहिला हंगाम सरता सरता एकच सामना उरला आणि कोच त्यांच्या खोलीत येऊन न विचारता बसला.

“जिंकलो तर राहिलो. हरलो तर खालच्या गटात.”

“म्हणजे बैठकीला...”

“बैठकीला तुम्ही नसाल.”

“पोरांना काय हवंय? उशा बदलून देऊ?”

“आपल्या नको. त्यांच्या बदला.”

पाहुण्या संघाची राहायची सोय यजमानानं करायची, हा लीगचा नियम. ती होईल तितकी वाईट करायची, ही लीगची रीत. मालकांना नियम ठाऊक होता, रीत कुणी सांगितली नव्हती. त्यामुळे वर्षभर प्रत्येक पाहुण्या संघाला चौथा मजला मिळाला, बागेकडच्या खोल्या, जाड पडदे. ते जेवून गाढ झोपत आणि पाचच्या सामन्याला टवटवीत होऊन येत. स्वतःचे खेळाडू लाँड्रीच्या वर, एका खोलीत तिघे. यंत्र फिरलं की पलंग फिरे. “घरचीच माणसं आहेत,” मालक म्हणत. बाहेरगावी हा संघ बरा खेळे, कारण जगातली वाईटात वाईट सोयसुद्धा लाँड्रीपेक्षा बरी होती.

मालकांनी ताईला बोलावलं. चारही हॉटेलांच्या खोल्या तिच्या ताब्यात.

“त्यांना दुसरा मजला दे. लिफ्टशेजारचा. आणि मिस्त्रीला सांग, एक वाजल्यापासून भिंतीत ड्रिल चालू दे.”

ताईनं किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. “हे कोण बोलतंय?”

“चार हॉटेलांचा मालक बोलतोय.”

“म्हणूनच विचारते. तुझ्यानं व्हायचं नाही रे. डास मारायला उठशील आणि आधी त्याला खोली दाखवशील.”

“बघच तू.”

“बघते की. मला दुसरं काय काम आहे.”

सामन्याच्या दिवशी पाहुणे बाराला आले, जेवले आणि दुसऱ्या मजल्यावर गेले. एक वाजता ड्रिल सुरू झालं. मालक कोचबरोबर खोलीत बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर लॉबी बघत-ऐकत होते. कोच खूश होता. मालक स्वतःचा अंगठा दाबत होते.

दीडला पाहुण्यांचा कप्तान रिसेप्शनवर आला. आता भांडेल, असं कोचला वाटलं. भांडणाऱ्या पाहुण्याचं मालकांना कधीच भय नव्हतं. त्याला समजावता येतं. पण हा हळूच म्हणाला, “काम चालू दिसतंय. असू द्या, आम्ही इथेच बसतो.” अकरा जण लॉबीत आले. त्यांचा उंच बचावपटू सोफ्यावर आडवा झाला. पाय बाहेर, मान हातावर वाकडी.

“त्याच्या मानेखाली काही नाहीये,” मालक म्हणाले.

“उत्तम,” कोच म्हणाला.

“आखडेल ती.”

“आखडू दे. मालक, खाली बसा. मालक, खुर्ची आठवा.”

मालकांनी खुर्ची आठवली. लाकडी, हात असलेली. ती आठवतच ते जिना उतरले.

पुढच्या वीस मिनिटांत ड्रिल थांबलं, चौथा मजला उघडला आणि चार हॉटेलांचे मालक सुटाच्या बाह्या सारून चादरींचे कोपरे खोचू लागले. बचावपटूला पलंग आखूड पडतोय म्हणून त्यांनी पायथ्याशी बाक ओढून त्यावर गादी टाकली. पडदे ओढताना दारात ताई दिसली.

“काही बोलू नकोस,” मालक म्हणाले.

“मी कुठे बोलले? उजवा कोपरा सैल आहे.”

त्यांनी तो घट्ट केला.

पाहुणे साडेतीनपर्यंत मेल्यासारखे झोपले. सामना तीन शून्य. तिसरा गोल त्या बचावपटूनंच डोक्यानं मारला. मान अगदी मोकळी होती. वरच्या कक्षात मालक उभे राहिले आणि सवयीनं टाळ्या वाजवून गेले. दोन टाळ्या झाल्यावर सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. खाली कोच त्यांच्याकडे न बघता मैदान सोडून निघाला. त्याचा राजीनामा दुसऱ्या दिवशी आला, एका ओळीचा: ‘तुमच्याकडे खेळायला येण्यापेक्षा राहायला येणं बरं.’

पंधरवड्यानं लीगच्या सचिवाचा फोन आला. तो स्पीकरवर टाकून मालक उठून उभे राहिले. खुर्चीबद्दल काही मार्ग निघाला असेल, असं त्यांना एक क्षण वाटलं.

“यंदाची वार्षिक बैठक तुमच्याकडे घ्यायचं ठरलंय,” सचिव म्हणाला. “सगळे म्हणतात, अशी सोय कुठेच नाही. सोळा खुर्च्या लागतील. म्हणजे, तुमच्या जागी खालच्या गटातून वर आलेले आहेत, ते धरून सोळा.”

समोर ताई टॉवेल मोजत होती. तिनं मोजणं थांबवलं. फोन आपटायची ही वेळ होती, हे तिला दिसत होतं आणि मालकांनाही दिसत होतं. कोट, संघ, ते अर्ध्या पेल्याचं पाणी, सगळं त्यांना आठवलं. त्यांनी पेन उचललं.

“हो,” ते म्हणाले. “मागे पट्ट्या लावायच्या ना? नावं पाठवून द्या. आणि कुणाला पाठदुखी असेल तर आधी कळवा, मी गादी टाकून ठेवतो.”